फ्लाय फिशिंगचे पहिले साहित्य: पैसा लाईनीत घाला, रिळात नको

गोफण आणि आसूड या दोन्ही गोष्टी ज्याने जवळून पाहिल्या आहेत, त्याला फ्लाय फिशिंगचे मर्म सांगायला फार वेळ लागत नाही. गोफणीत वजन असते ते दगडाचे; दोर फक्त त्याला फिरवतो आणि सोडून देतो. गळाची नेहमीची मासेमारी याच तत्त्वावर चालते. गळाला शिसे किंवा जड आमिष लावलेले असते, ते पुढे फेकले जाते आणि त्याच्यामागून बारीक दोरी उलगडत जाते. आसुडाला मात्र दगड नसतो. त्याचे वजन त्याच्या विणलेल्या दोरातच मुरलेले असते, आणि पोतराज कोरडा फिरवतो तेव्हा मुठीतली हालचाल वळसा घेत त्या दोराच्या टोकापर्यंत पोहोचते. फ्लाय फिशिंगमध्ये गळाच्या आकड्यावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी वापरतात. तिला इतके थोडे वजन असते की ती एकटी फेकताच येत नाही. फेकली जाते ती जाड, प्लॅस्टिकचे आवरण दिलेली लाईन, आणि माशी तिच्यामागून निमूटपणे जाते.

हे एवढ्या तपशिलात सांगण्याचे कारण असे की, पहिले साहित्य घेताना होणाऱ्या बहुतेक चुका हे मर्म विसरल्यामुळे होतात. दुकानात शिरलेल्या नवख्या माणसाचे लक्ष आधी चकचकीत रिळाकडे जाते, नंतर रॉडकडे, आणि लाईन म्हणजे शेवटी दोरीच, असे समजून तो हाती लागेल ती स्वस्तातली लाईन उचलतो. वास्तविक पैशाचा क्रम नेमका उलटा असायला हवा: लाईन चांगली, रॉड बरा, आणि रीळ चालण्यापुरते.

पुढचे विवेचन मी अमेरिकेच्या ईशान्य भागातील नद्या आणि तिथले ट्राउट मासे डोळ्यांसमोर ठेवून करीत आहे, कारण मी न्यू जर्सीत राहतो, मस्कोनेटकाँग आणि रॅरिटन नदीच्या दक्षिण शाखेवर शिकलो, आणि एडिसनच्या आसपासची मराठी मंडळी ‘सुरुवात कशाने करायची?’ हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. न्यू जर्सीच्या वॉरन काउंटीत पेक्वेस्ट येथे सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे वाढवलेले ट्राउट दरवर्षी लाखांच्या संख्येने नद्या-तळ्यांत सोडले जातात, त्यामुळे महामार्गापासून पाऊण तासावर मासा मिळण्याची शक्यता खरी आहे आणि त्यासाठी ट्राउटकरिता नावाजलेल्या दूरच्या मोंटाना राज्यापर्यंत जाण्याची गरज नाही. किमती डॉलरमध्ये आणि ठोकळ मानाने दिल्या आहेत. सुमारे अडीचशे डॉलरमध्ये, परवान्यासकट, एका माणसाची पहिली तयारी नीट होऊ शकते, असे माझे मत आहे.

आकड्यांचा अर्थ

फ्लाय लाईन आणि रॉड यांवर एक क्रमांक असतो आणि त्याला ‘वेट’ म्हणतात. हे वजन रॉडचे नसते, लाईनचे असते. अमेरिकी उत्पादकांनी ठरवलेल्या मानकानुसार लाईनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन ग्रेन या मापात मोजले जाते: ३ वेटला १०० ग्रेन, ५ वेटला १४०, ८ वेटला २१०. एकशे चाळीस ग्रेन म्हणजे साधारण ९ ग्रॅम, आणि तेवढे वजन हवेत असताना जो रॉड योग्य तेवढा वाकतो त्याला ५ वेटचा रॉड म्हणतात. क्रमांक लहान तितके काम नाजूक. मोठा तितका वारा, जड माशी आणि मोठा मासा यांना तोंड देण्याची ताकद जास्त.

ट्राउटसाठी नवख्याने ९ फूट लांबीचा, ५ वेटचा, चार तुकड्यांचा रॉड घ्यावा. हा सल्ला इतका सर्वत्र दिला जातो की तो ऐकून शंका यावी, पण त्यामागे कारण आहे. ३ वेटचा रॉड लहान ओढ्यावर फार गोड चालतो, पण जरा वारा सुटला की नवख्याच्या हातात तो हतबल होतो. ६ वेटचा रॉड वाऱ्याला जुमानत नाही, पण लहान कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, माशी अलगद उतरवायला अवघड जातो. पाच क्रमांकाचा रॉड यांपैकी कशातच पहिला नसतो आणि कशातच नापास होत नाही. शिवाय तळ्यातले ब्लूगिल, लहान बास आणि नदीतले ट्राउट या तिन्हींसाठी तो पुरतो. चार तुकड्यांचा रॉड नळीत घातला की सव्वादोन-अडीच फुटांत मावतो, आणि गाडीच्या डिकीत ठेवायला किंवा भारतात न्यायला सोयीचा पडतो.

रॉडच्या ‘ॲक्शन’ विषयी दुकानदार भरपूर बोलतो. रॉड फक्त टोकाशी वाकत असेल तर तो फास्ट, मधोमध वाकत असेल तर मीडियम, आणि पार मुठीपर्यंत वाकत असेल तर स्लो. महागडे रॉड बहुधा फास्ट असतात, कारण ते अनुभवी माणसासाठी केलेले असतात, आणि इथेच कमी बजेट असलेल्याचे नशीब उघडते. मध्यम किंवा मध्यमाहून किंचित ताठ असा रॉड नवख्याला लाईनचे वजन मुठीत जाणवू देतो, आणि ही जाणीव हाच शिकण्याचा निम्मा भाग आहे. सातशे डॉलरचा ताठ रॉड शिकणाऱ्याच्या हातात छत्रीच्या दांडीसारखा वागतो, हे मी मित्राचा उसना रॉड वापरून अनुभवले आहे.

लाईन

लाईनच्या खोक्यावर डब्ल्यू, एफ, ५, एफ अशी अक्षरे ओळीने लिहिलेली असतात. पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ वेट फॉरवर्ड, म्हणजे वजन पुढच्या भागात एकवटलेले. मधला आकडा वेटचा. शेवटचे अक्षर फ्लोटिंगचे, म्हणजे तरंगणारी. पहिली लाईन हीच असावी. बुडणारी लाईन, बुडत्या टोकाची लाईन वगैरे प्रकार पहिली दोन वर्षे डोक्यातून काढून टाकावेत. वेट फॉरवर्डऐवजी डबल टेपर नावाचा जुना प्रकारही मिळतो. त्याची दोन्ही टोके सारखी असल्यामुळे एक टोक झिजले की लाईन उलटी गुंडाळून दुसरे वापरता येते, म्हणजे एका किमतीत जवळजवळ दोन लाईनी पडतात. कमी अंतरावर टाकण्यासाठी ती उत्तम चालते. काटकसर करणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा, जरी दुकानात ती हल्ली क्वचितच समोर ठेवलेली असते.

सव्वाशे डॉलरची लाईन घ्यायची गरज नाही. कॉर्टलंडची ‘३३३’ किंवा रिओची ‘मेनस्ट्रीम’ अशा, साधारण चाळीस ते साठ डॉलरच्या टप्प्यातल्या लाईनी शिकण्यासाठी पूर्ण पुरेशा आहेत. टाळायची आहे ती नाव नसलेली, दहा-बारा डॉलरची लाईन. तिचे आवरण कडक असते, रिळावरून सोडल्यावर ती स्प्रिंगसारखी वेटोळी घालूनच पडते, आणि वजनाचा पुढचा भाग मानकाला धरून नसल्यामुळे रॉड कधी उपाशी राहतो तर कधी ओझ्याने वाकतो. माझे पहिले साहित्य एका मोठ्या दुकानातून आणलेला सत्तर डॉलरचा ‘संपूर्ण संच’ होते. त्यातला रॉड अजून माझ्याकडे आहे आणि चांगला चालतो, पण त्यातल्या लाईनमुळे मी एक अख्खा उन्हाळा असे समजत होतो की आपल्या हातातच काही दोष आहे. नदीवर भेटलेल्या एका वयस्क गृहस्थांनी त्यांचे रीळ काढून माझ्या रॉडला लावून दिले आणि मला फेकायला सांगितले. तोच हात, तोच रॉड. पण लाईन चाळीस फुटांवर सरळ जाऊन पडली.

म्हणून तयार संच घेताना पहिला प्रश्न रॉडविषयी विचारू नये. या संचात कोणत्या कंपनीची, कोणत्या नावाची लाईन आहे, हे विचारावे. उत्तर नीट आले तर संच घेण्यात फायदाच आहे, कारण रॉड, रीळ, लाईन, बॅकिंग आणि लीडर (या शेवटच्या दोन्हींविषयी पुढे येईलच) एकत्र जुळवून, गाठी मारून मिळतात. रेडिंग्टनचा ‘पाथ’, एकोचा ‘लिफ्ट’, टेंपल फोर्क आउटफिटर्सचा ‘एनएक्सटी’ असे संच याच वर्गातले आहेत आणि दीडशे ते अडीचशे डॉलरच्या मध्ये कुठेतरी ते मिळतात. ऑर्विसचा ‘क्लिअरवॉटर’ यापेक्षा महाग आहे. तो उत्तम आहे, पण बजेट कमी असताना तो घेऊन बाकी सगळ्याला कात्री लावणे मला शहाणपणाचे वाटत नाही. नवे मॉडेल बाजारात येताना जुने निम्म्या-पाऊण किमतीत काढून टाकले जाते, आणि रॉडच्या बाबतीत मागच्या वर्षीचे मॉडेल आणि यंदाचे मॉडेल यांतला फरक माशाला कळत नाही.

रीळ

रिळाबद्दल थोडक्यात सांगता येते. दहा-बारा इंचांच्या ट्राउटशी झुंजताना रीळ हे लाईन साठवण्याचे साधन असते. मासा बहुधा हातानेच लाईन ओढून आत घेतला जातो. साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमचे, साध्या ब्रेकचे रीळ पुरते. निळा-सोनेरी मुलामा दिलेले, अखंड धातूतून कोरलेले तीनशे डॉलरचे रीळ समुद्रातल्या माशांसाठी ठीक आहे. फक्त एक गोष्ट पाहावी: रीळ तुमच्या रॉड न धरणाऱ्या हाताने फिरवता येते का? उजव्या हाताने रॉड फेकणारा डाव्या हाताने रीळ फिरवतो. बहुतेक रिळे दोन्हीकडून चालवता येतात, पण लाईन भरण्यापूर्वी हे ठरवावे लागते. मला एका दुकानाने न विचारता उलट्या बाजूने लाईन भरून दिली होती, आणि शंभर यार्ड बॅकिंगसकट ती सगळी घराच्या दिवाणखान्यात उलगडून पुन्हा भरायला रविवारची दुपार गेली.

बॅकिंग म्हणजे फ्लाय लाईनच्या मागे बांधलेली बारीक विणलेली दोरी. २० पौंड ताकदीचा डॅक्रॉन पन्नास ते शंभर यार्ड घालावा. नवख्याला ती दोरी प्रत्यक्ष कधी दिसणार नाही, पण तिच्यामुळे रिळाचा गाभा जाड होतो आणि लाईनची वेटोळी मोठी राहतात.

लीडर आणि टिपेट

लाईनच्या पुढे लीडर असतो: जाडपासून बारीक होत जाणारा, पारदर्शक नायलॉनचा ९ फुटी धागा. त्याच्या टोकाला टिपेटचा दोन-एक फूट तुकडा जोडतात आणि त्याला माशी बांधतात. जाडी एक्स या मापात मोजतात. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की धाग्याची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. त्यामुळे ५एक्स म्हणजे ०.००६ इंच आणि ३एक्स म्हणजे ०.००८ इंच. आकडा वाढला की धागा बारीक होतो, हे एकदा पक्के ध्यानात ठेवावे, कारण दुकानात पुष्कळजण उलटे समजून भलताच धागा आणतात. कोणत्या माशीला कोणता टिपेट, यासाठी माशीच्या नंबराला, म्हणजे तिच्या गळाच्या मापाला, तिनाने भागावे: १४ नंबरच्या माशीला साधारण ५एक्स, १२ नंबरला ४एक्स.

दोन तयार लीडर आणि ४एक्स व ५एक्स टिपेटची एकेक छोटी गुंडी, एवढ्यावर पहिला हंगाम निघतो. फ्लूरोकार्बन नावाचा दुप्पट-तिप्पट किमतीचा धागा मिळतो. तो पाण्यात कमी दिसतो आणि लवकर बुडतो. कोरडी माशी तरंगवायची असेल तर साधे नायलॉनच बरे. टिपेट संपला की लीडर फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत. वास्तविक नवा टिपेट जोडून एकच लीडर महिनोन्महिने चालतो. त्यासाठी एक सर्जन्स नॉट आणि माशी बांधायला एक क्लिंच नॉट, अशा दोन गाठी घरी टीव्हीसमोर बसून, आधी जाड सुतळीवर आणि मग खऱ्या धाग्यावर, शिकून घ्याव्यात. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करणे विसरू नये, नाहीतर घर्षणाने नायलॉन जळतो आणि नेमका मोठा मासा लागला की तुटतो.

माश्या: बारा पुरेत

दुकानातल्या माश्यांच्या खणांपुढे उभे राहिले की दिवाळीत फटाक्यांच्या दुकानात शिरलेल्या मुलासारखी अवस्था होते. प्रत्येकी दीड ते तीन डॉलर अशी ती रंगीत पिसे बघताबघता पन्नास डॉलर खाऊन टाकतात. पहिल्या हंगामाला चार प्रकार, प्रत्येकी तीन, एवढेच घ्यावे.

पाण्यावर तरंगणारी एक ॲडम्स. ही १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधली. करड्या रंगाची ही माशी कोणत्याच एका किड्यासारखी हुबेहूब दिसत नाही, आणि म्हणूनच अनेकांसारखी दिसते. तिचा पॅराशूट प्रकार घ्यावा, कारण त्यावरचा पांढरा तुरा पाण्यावर आपल्यालाही दिसतो. दुसरी एल्क हेअर कॅडिस, सांबरासारख्या एल्क नावाच्या प्राण्याच्या पोकळ केसांची, खळाळत्या पाण्यातही न बुडणारी. ती अल ट्रोथ यांनी १९५७ मध्ये केली. तिसरी पाण्याखाली चालणारी फेझंट टेल. ही इंग्लंडात एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांची. तिच्यात धाग्याऐवजी तांब्याची बारीक तार असल्यामुळे ती आपोआप बुडते. चौथी वूली बगर, पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ साली बांधलेली, काळी किंवा हिरवट, शेपटीला मॅराबू पिसे असलेली. पाण्यात ओढली की ती जळूसारखी, लहान माशासारखी, कशासारखीही दिसते, आणि काहीच चालत नसेल तेव्हा ती चालते. पहिल्या तीन १४ आणि १६ नंबरात घ्याव्यात, बगर १० नंबरात.

स्वतः माश्या बांधल्या तर पैसे वाचतात, असे सांगणारा माणूस हमखास भेटेल. तो खोटे बोलत नाही, पण व्हाइस (माशी बांधताना गळ घट्ट धरणारा शिकंजा), कात्री, पिसांच्या पिशव्या आणि मण्यांच्या डब्या घेऊन झाल्यावर त्याचे कपाट कसे दिसते, ते एकदा बघून यावे.

बाकीचे, आणि न घेण्याच्या वस्तू

पाण्यात उभे राहण्यासाठीची जलरोधक उंच विजार, म्हणजे वेडर्स, पहिल्या दिवशी लागत नाहीत. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत या भागात चटकन वाळणारी पँट आणि जुने बूट घालून गुडघाभर पाण्यात उतरता येते. थंडीत काठावरून फेकावे. वेडर्स घेतले तर कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये, कारण तोल जाऊन पडल्यास आत पाणी भरते. शेवाळावर न घसरणारे नमद्याचे तळवे असलेले बूट स्वस्तात मिळतात, पण डिडिमो नावाचे आक्रमक शेवाळ एका नदीतून दुसऱ्या नदीत वाहून नेण्याच्या धोक्यामुळे मेरीलँडने ते २०११ पासून बंद केले आहेत. रबरी तळव्याचे घेतले की हा प्रश्नच उरत नाही.

पोलराइज्ड गॉगल मात्र पहिल्याच दिवशी हवा, वीस डॉलरचा चालेल. पाण्यावरची चकाकी नाहीशी होऊन तळ दिसतो हे एक, आणि दुसरे अधिक महत्त्वाचे: मागून पुढे येणारा अणकुचीदार आकडा डोळ्याच्या उंचीवरून जातो. टोपीही त्याचसाठी. निपर्स म्हणून सात डॉलरचे जे विकतात, ते काम घरातले नखे कापायचे नेलकटर करते. औषधांच्या दुकानात मिळणारा सर्जरीचा छोटा चिमटा, म्हणजे फोर्सेप्स, घ्यावा. त्याने दोन कामे होतात. एक, माशाच्या तोंडातून आकडा काढणे. दुसरे, त्याआधीच आकड्याचा उलटा काटा दाबून सपाट करणे. माशी हातात घ्यावी, चिमट्याच्या टोकाने काटा दाबावा, मग आकड्याचे टोक जुन्या सुती बनियनच्या तुकड्यात घुसवून मागे ओढावे. कापड न अडकता आकडा सुटला तर काटा गेला. एखादा धागा ओढला गेला तर पुन्हा दाबावे. असा आकडा माशाच्या तोंडातून क्षणात निघतो, आणि स्वतःच्या कानातूनही.

सोडून देण्यासाठीच मासा पकडतात हे ऐकून माझी आई अजूनही हसते, पण सोडायचाच असेल तर तो जगला पाहिजे. म्हणून जाळी घेताना गाठींच्या सुती जाळीऐवजी रबराची घ्यावी, जिने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जात नाही. पाण्याचे तापमान पाहणारा पाच-सहा डॉलरचा थर्मामीटर ही मला सर्वांत कमी लेखली जाणारी वस्तू वाटते. पाणी ६८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २० अंश सेल्सियसच्या वर गेले की ट्राउट धापा टाकू लागतो, आणि तेव्हा सोडलेला मासाही पुष्कळदा मरतो. त्या दिवशी ट्राउटची नदी सोडून तळ्यावर ब्लूगिल धरायला जावे. वजनासाठी शिशाचे मणी घेऊ नयेत, कथलाचे घ्यावेत. न्यूयॉर्कने अर्ध्या औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री २००४ पासूनच बंद केली आहे.

बारा खिशांचे जाकीट घेऊ नये. शर्टाला एक खिसा असतो; बारा माश्या, दोन गुंड्या आणि नेलकटर त्यात मावतात.

जुना रॉड घेताना

सर्वांत स्वस्त मार्ग जुन्या साहित्याचा आहे, आणि कॅम्प, गॅरेज सेल किंवा ओळखीच्या माणसाकडून चाळीस-पन्नास डॉलरमध्ये चांगला ग्रॅफाइट रॉड मिळून जातो. पण तो हातात घेतल्यावर लगेच मोहात पडू नये. मुठीच्या वर रॉडवर लांबी लिहिलेली असते. मेजपट्टी लावून ती प्रत्यक्ष मोजावी. नऊ फूट म्हणजे १०८ इंच. १०५ भरले तर टोक मोडून लाईन ओवायची कडी पुन्हा बसवलेली आहे असे समजावे. तुकडे एकमेकांत बसवून किंचित हलवून पाहावे; ‘टिक’ असा बारीक आवाज आला तर जोड सैल आहे किंवा चिरला आहे. जोडाच्या काठावर नख फिरवावे, केसासारखी रेघ नखाला लागते. शेवटी कान साफ करायची कापसाची काडी घेऊन प्रत्येक कडीतून एकदा फिरवावी. एखाद्या कडीला कापसाचे तंतू अडकून राहिले तर तिथे धातूला खाच पडली आहे आणि ती नवी लाईन आठवड्यात कापून ठेवील. लाईन मात्र जुनी घेऊ नये. रॉड जुना चालतो, लाईन नवी हवी, इतके साधे गणित आहे.

परवाना आणि सराव

न्यू जर्सीत १६ ते ६९ वर्षांच्या माणसाला गोड्या पाण्यात मासे धरण्यासाठी परवाना लागतो, आणि ट्राउटसाठी त्यावर वेगळा ट्राउट स्टॅम्प. दोन्ही ऑनलाइन मिळतात आणि राज्याच्या रहिवाशांना त्यांचा एकत्र खर्च एका बऱ्या जेवणाहून जास्त नसतो. काही पट्ट्यांत, उदाहरणार्थ केन लॉकवूड घळीत, विशेष नियम आहेत, ते त्या वर्षाच्या पुस्तिकेत पाहूनच जावे. ट्राउट अनलिमिटेड ही संस्था १९५९ साली मिशिगनमध्ये सुरू झाली आणि तिच्या स्थानिक शाखा आता ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या एखाद्या बैठकीला गेले तर फेकायला शिकवणारा, जुना रॉड विकणारा आणि आपली आवडती जागा कधीही न सांगणारा, असे तिघेही भेटतात.

पाण्यावर जाण्याआधी घरामागच्या किंवा बागेतल्या हिरवळीवर आठ-दहा वेळा, वीस मिनिटे, एवढा सराव करावा. माशीऐवजी टिपेटला लोकरीचा लालसर तुकडा बांधावा, म्हणजे गवतात दिसतो. फुटपाथवर किंवा वाळूवर फेकू नये, लाईनचे आवरण खरवडते. तीस फूट लाईन बाहेर काढून हात मागे न्यावा, लाईन मागे सरळ होईपर्यंत थांबावे, मग पुढे. नवखा माणूस थांबत नाही आणि चाबूक ओढल्यासारखा फटकारा ऐकू येतो. तो आवाज आला की माशी तुटून गेली असे समजावे. तीस फूट नीट जमले की ट्राउट पकडता येतो, कारण नदीत बहुतेक मासे त्याहून जवळच असतात.

हाच संच भारतात नेता येतो. हिमाचलात तीर्थन खोऱ्यात आणि बरोटजवळ ऊहल नदीत ब्राउन ट्राउट आहेत. त्यासाठी राज्याच्या मत्स्यविभागाचा परवाना घ्यावा लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते. ५ वेटचा रॉड तिथे पुरेसा आहे. महाशीर मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा मासा आहे, त्याला ८ वेट हवा. माश्या आणि चिमटा विमानाच्या केबिनमध्ये न ठेवता चेक-इन सामानात टाकावेत, रॉडची नळी त्यांच्याबरोबरच.

घरी परतल्यावर लाईन टबात कोमट पाण्यात उलगडून भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि ओल्या फडक्यात चिमटीने धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून घ्यावी. फडके काळेकुट्ट होते, कितीही स्वच्छ नदीत गेला असाल तरी. मग साध्या पाण्यातून काढून, रिळावर गच्च न आवळता सैल गुंडाळून ठेवावी, म्हणजे साठ डॉलरची लाईन एका हंगामाऐवजी तीन हंगाम चालते.